पेरू का थांबू?

मी ढगांचं मॉडेल बनवते. एकटी नाही अर्थात, खूप लोकांच्या खूप वर्षांच्या कामावर माझं थोडंसं काम चढतं, पण कोणी विचारलं की पुण्यात काय करतेस तर मी एवढंच सांगते की ढग कसा वाढतो, त्यातून पाणी कधी आणि किती पडतं हे गणितात बसवायचं, ते गणित कॉम्प्युटरला द्यायचं आणि निघालेला पाऊस खरोखर पडलेल्या पावसाशी ताडून बघायचा. गाव माझं यवतमाळ जिल्ह्यातलं, आर्णी तालुक्यातलं, बहुतेक जमीन कोरडवाहू, कपाशी, तूर, सोयाबीन. त्यामुळे माझं हे उत्तर ऐकून झालं की आमच्याकडे पुढचा प्रश्न ठरलेला. "मंग सांग बाई, पेरू का थांबू?"

या प्रश्नावर लिहायचं कधीचं मनात होतं. माझ्या अख्ख्या विषयात इतका नेमका प्रश्न मी दुसरा ऐकलेला नाही, आणि याला जे उत्तर आपण गावापर्यंत पोचवतो ते मला अजिबात पटत नाही.

पण आधी ढग.

जूनच्या सुरुवातीला दुपारी आमच्या वावरावर जो पांढरा गुबगुबीत ढग उभा राहतो तो साधारण किलोमीटरभर लांब, तेवढाच रुंद, तेवढाच उंच धरा. घनमीटरमागे अर्धा ग्रॅम पाणी म्हटलं तरी सगळं मिळून ५०० टन होतं. ५०० टन पाणी डोक्यावर आहे आणि खाली एक थेंब नाही. लहानपणी बाबा धुऱ्यावर उभे राहून "आभाय तं आलं, पाणी कुठं हाय" म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर ढगांच्या भौतिकशास्त्रातला अर्धा अभ्यास याच एका प्रश्नाचा आहे.

ढगातला थेंब असतो सुमारे ०.०१ मिलिमीटर त्रिज्येचा, डोक्यावरच्या केसापेक्षाही बारीक. तो सेकंदाला सेंटिमीटरभर खाली येतो, आणि खालून वर जाणारी हवा त्याला सहज उचलून धरते. पावसाचा थेंब असतो मिलिमीटरभर त्रिज्येचा, म्हणजे त्रिज्येने शंभरपट आणि पाण्याने दहा लाखपट. म्हणजे पावसाच्या एका थेंबाला ढगातले दहा लाख थेंब एकत्र यावे लागतात, आणि ढगाकडे वेळ किती, तर अर्धा तास, फार तर तासभर, त्यानंतर बाजूची कोरडी हवा आत शिरून त्याला खाऊन टाकते. नुसती वाफ जमत जाऊन थेंब वाढायचा म्हटलं तर तो सुरुवातीला भराभर वाढतो पण थोडा मोठा झाला की वाढ रखडते, तेवढ्यावर पाऊस व्हायला ढग कितीतरी तास टिकायला हवा. मग थेंबांनी एकमेकांवर आदळायला लागतं, जो थोडा मोठा आहे तो जास्त वेगाने खाली येतो, वाटेतले बारीक थेंब गिळतो, आणखी मोठा होतो. किंवा ढग इतका उंच जातो की वरच्या भागात बर्फ तयार होतो. पावसाळ्यात आपल्याकडे साधारण पाच किलोमीटरवर शून्य अंश लागतं, पण तिथे पोचलं की पाणी लगेच गोठतं असं नाही, उणे १०, उणे २० अंशालाही ते पाणीच राहू शकतं, आणि अशा पाण्यात बर्फाचा एखादा कण आला की आजूबाजूची वाफ ओढून तो झपाट्याने वाढतो आणि खाली येताना वितळून पाऊस होतो. मे-जूनमधला आमचा टपोऱ्या थेंबांचा वळीव बराचसा असा, वरून वितळून आलेला.

यात आणखी एक घटक असतो तो म्हणजे धूळ आणि धूर. वाफेला जमायला कण लागतो. कण कमी असतील तर थेंब कमी पण मोठे, कण जास्त असतील तर तेच पाणी जास्त जणांत वाटलं जातं, थेंब पुष्कळ पण बारीक, आणि मग पाऊस सुरू व्हायला ढगाला आणखी उंच जावं लागतं. पुण्याच्या आयआयटीएमने, म्हणजे भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने, २००९ पासून विमानं ढगांत नेऊन हे मोजलंय, देशात ठिकठिकाणी. उन्हाळ्यात आमच्याकडे वखरणीची धूळ असते, धुऱ्यावर पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्या, पेटवलेल्या असतात, हे सगळं वर जातं आणि ढगाच्या हिशेबात येतं.

आणि यातली ऊर्जा, ती एकदा करून बघा. एका एकरावर २० मिलिमीटर पाऊस म्हणजे साधारण ८१ हजार लिटर पाणी. एक किलो वाफेचं पाणी होताना २५ लाख ज्यूल उष्णता बाहेर पडते. गुणाकार केला की एका एकराच्या वाट्याला सुमारे ५६ हजार युनिट येतात, तेच युनिट जे आपल्या वीजबिलावर असतात. ही उष्णता ढगातच सुटते, त्याने ढगातली हवा हलकी होते, आणखी वर जाते, आणखी वाफ खालून ओढते. म्हणून पाऊस हा हवामानाचा शेवटचा टप्पा आहे असं समजणं चूक आहे, पाऊस स्वतः वारे बदलतो, आणि ढग चुकला की मॉडेलमधलं बाकीचं सगळं हळूहळू चुकत जातं.

हे पहिल्यांदा गणिताने दाखवणाऱ्या लोकांत जोअ‍ॅन सिम्पसन होत्या, तेव्हा त्या जोअ‍ॅन माल्कस होत्या. १९४९ मध्ये शिकागो विद्यापीठातून हवामानशास्त्रात डॉक्टरेट, अमेरिकेत ही पदवी मिळवणारी पहिली स्त्री. त्या काळी ढग हा दुय्यम विषय समजला जायचा. १९५८ मध्ये त्यांनी हर्बर्ट रील यांच्याबरोबर दाखवलं की उष्ण कटिबंधातली उष्णता वरच्या थरात नेण्याचं काम सगळीकडची हवा मिळून करत नाही, थोडेसेच पण प्रचंड उंच ढग ते करतात. 'हॉट टॉवर' म्हणतात त्यांना. पुढे नासामध्ये पाऊस अवकाशातून मोजणाऱ्या उपग्रहाची वैज्ञानिक धुरा त्यांनी सांभाळली, तो उपग्रह १९९७ मध्ये अवकाशात गेला आणि २०१५ पर्यंत चालला, त्याच्या रडारच्या नोंदी मी आजही वापरते. उन्हाळ्यात आमच्याकडे संध्याकाळी पश्चिमेला जो काळा मनोरा उभा राहतो, वर जाऊन पसरतो, तो बघताना मला दर वेळी त्या आठवतात.

आता मॉडेल. मॉडेल जमिनीचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनावर हवेचे थर रचतं. प्रत्येक डब्यात तापमान एक, ओलावा एक, वारा एक. आपल्याकडे बरीच वर्षं जागतिक मॉडेलचा चौकोन १२ किलोमीटरचा होता. १२ गुणिले १२, १४४ चौरस किलोमीटर, म्हणजे ३५ हजार एकरांहून जास्त. यात आमच्याकडची कितीतरी गावं येतात, एक नदी येते, टेकड्या येतात, आणि त्या सगळ्याला मिळून पावसाचा आकडा मिळतो एक. आमच्याकडच्या लोकांना हे समजवायला मला कधी त्रास पडला नाही, पैसेवारी माहीत असलेल्या माणसाला ते लगेच कळतं. पैसेवारी म्हणजे पीक किती आलं याचा सरकारी अंदाज, तो अख्ख्या गावाचा एकच निघतो, तुमचं वावर खरडून गेलेलं असो की शेजाऱ्याचं चांगलं पिकलेलं असो.

ढग किलोमीटरभराचा आणि चौकोन १२ किलोमीटरचा. म्हणजे ढग मॉडेलला दिसतच नाही, तरी त्याचा पाऊस आणि त्याची उष्णता हिशेबात घ्यायलाच हवी. मग चौकोनाची सरासरी हवा बघून आत किती ढग असतील, किती उंच गेले असतील, किती पाणी टाकलं असेल याचे नियम लिहायचे. अकिओ अराकावा आणि वेन शुबर्ट यांनी १९७४ मध्ये या नियमांना पक्का सैद्धांतिक पाया दिला. ढगाच्या पाण्याचा पाऊस कधी होतो याचा सगळ्यात साधा नियम एडविन केसलर यांचा, १९६९ चा, की पाणी एका हद्दीच्या वर गेलं की जास्तीचं पाणी ठराविक वेगाने पावसात बदलायला लागतं. त्याच्याही आधी, १९४८ मध्ये, कॅनडात मार्शल आणि पामर यांनी रंग लावलेल्या फिल्टर पेपरवर पावसाचे थेंब पडू देऊन, डाग मोजून, कुठल्या आकाराचे थेंब किती असतात याचं सूत्र काढलं. कागदावरच्या त्या डागांमधून निघालेलं सूत्र आज सुपरकॉम्प्युटरच्या आत चालतंय, मला हे फार मोलाचं वाटतं.

माझं रोजचं काम याच नियमांवर. हद्द थोडी वर नेली तर काय, थेंब आदळण्याचा वेग बदलला तर काय, बाजूची कोरडी हवा ढगात किती शिरते. एकेक गोष्ट बदलायची, जुन्या पावसाळ्यांचे रन लावायचे, म्हणजे त्या पावसाळ्यांवर मॉडेल चालवून बघायचं, रडारशी, उपग्रहाशी, पर्जन्यमापकांशी ताडायचं. यात दोन दोष वर्षानुवर्षं छळतात, जगभरच्या मॉडेलांना. एक म्हणजे मॉडेल पाऊस फार वेळा पाडतं आणि फार बारीक पाडतं, रोज थोडा थोडा, जिथे खरं तर चार दिवस कोरडे जाऊन पाचव्या दिवशी तासाभरात वावरातून पाट वाहतात. दुसरा दोष वेळेचा. जमीन तापली की मॉडेल भर दुपारी पाऊस पाडून मोकळं होतं, आमच्याकडे वळीव येतो चार-पाच वाजता, कधी रात्री.

हा दुसरा दोष का येतो ते मला पुस्तकात कळलं होतं, पण दिसलं वावरात. जूनमधली संध्याकाळ, मी आणि दादा, माझा चुलतभाऊ, वावरात होतो. पश्चिमेला ढगाखाली पाण्याचे पडदे लोंबत होते आणि जमिनीपर्यंत येतच नव्हते, मधेच विरत होते. आमच्याकडे जूनच्या सुरुवातीला ढगाचा तळ उंच असतो आणि खालची हवा कोरडी, पडणारं पाणी वाटेतच उडून जातं. पण उडताना ते हवा थंड करतं, थंड हवा जड होते, खाली येते आणि जमिनीवर चहूकडे पसरते. तो गार वारा आधी पळसाच्या झाडांना लागला, मग धूळ उडाली, मग आम्हाला लागला, आणि दादा म्हणाला, "वारं फिरलं पाय, आता आपल्या डोक्यावर उठन." आणि तसंच झालं. जिथवर गार हवा पसरली होती त्या कडेवर नवा ढग उठला आणि बघता बघता वर गेला, अर्ध्या तासात पाणी आलं, चांगलं आलं. त्या रात्री आमच्या अंगणातल्या मापात चाळीस मिलिमीटरच्या वर भरलं आणि तीन किलोमीटरवरच्या गावात जेमतेम सहा. एका ढगाने दुसऱ्याला उठवायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि असं करत संध्याकाळ व्हायची, हे साध्या नियमांत नसतं, त्यात जमीन तापली की ढग आणि ढग आला की पाऊस. गार हवेचा हा पसारा मॉडेलमध्ये नीट आणणं हे माझं गेल्या काही वर्षांतलं मुख्य काम आहे. दादाला मी ते समजावलं तेव्हा तो शांतपणे म्हणाला की हे तं आपल्याकडे बैल चारणाऱ्या पोराले पन माहीत असते. बरोबरच आहे. त्या पोराला जे माहीत आहे ते समीकरणात लिहायचं काम मात्र अजून बाकी आहे.

चौकोन लहान होतायत, हे खरं. २०१८ मध्ये पुण्यात 'प्रत्यूष' हा सुपरकॉम्प्युटर आला, २०२४ मध्ये 'अर्का', सेकंदाला ११.७७ पेटाफ्लॉप क्षमतेचा, आणि मे २०२५ मध्ये आयआयटीएममध्ये तयार झालेली भारत फोरकास्ट सिस्टीम सुरू झाली, चौकोन ६ किलोमीटरचा. चौकोन निम्मा करायला गणित दुप्पट होत नाही, लांबी-रुंदीत चौपट आणि वेळेची पावलंही निम्मी करावी लागतात म्हणून आठपट होतं. एवढं करून चौकोन उरतो सुमारे ८ हजार ९०० एकरांचा. आणि या आकारात एक वेगळीच अडचण येते, मोठे ढग अर्धवट दिसायला लागतात आणि लहान दिसतच नाहीत, मग नियम चालू ठेवला तर पाऊस दोनदा मोजला जातो आणि बंद केला तर कमी पडतो. मला या कामाचा अभिमान आहे, मनापासून. पण पाच एकरांच्या वावराला, 'उद्या तुझ्याकडे पाऊस पडणार' असं छातीठोकपणे कुठलंही मॉडेल सांगू शकत नाही, आणि ते मॉडेल कमी पडतं म्हणून नाही, हवाच तशी आहे. सकाळी साडेपाचला नागपूरहून फुगा सोडतात, त्याने मोजलेल्या ओलाव्यात किंचित फरक असला तरी संध्याकाळचा ढग या गावाऐवजी त्या गावावर उठतो.

म्हणून एकच रन न करता अनेक रन करतात, सुरुवात प्रत्येकाची जराशी वेगळी. आपल्या हवामान खात्याकडे २०१८ पासून १२ किलोमीटरचं असं मॉडेल आहे, त्यात २१ रन असतात. २१ पैकी १३ मध्ये पाऊस आला तर ढोबळमानाने ६२ टक्के, त्यावर मागच्या अनुभवाने दुरुस्ती करायची. या टक्क्यांना अर्थ आहे आणि तो तपासता येतो. ज्या ज्या वेळी ६० टक्के सांगितलं त्या सगळ्या वेळा काढायच्या आणि बघायचं की दहापैकी सहा वेळा पाऊस आला का. नऊ वेळा आला तर आम्ही भित्रे, तीनच वेळा आला तर आम्ही बढाईखोर. सकाळी साडेआठला पर्जन्यमापकात जे दिसतं ते आमचं प्रगतिपुस्तक.

तर माझं उत्तर हे असं असतं, दहातले सहा. आणि हेच उत्तर वाटेत हरवतं.

हवामान खात्याच्या बुलेटिनमध्ये ते अजून असतं. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे जिल्ह्यातल्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस, 'काही ठिकाणी' म्हणजे २६ ते ५०, पुढे 'बऱ्याच ठिकाणी' ५१ ते ७५, प्रत्येकाला ठरलेली हद्द आहे. तिथून ते बातमीत जातं आणि 'यवतमाळला पावसाचा इशारा' होतं, तिथून व्हॉट्सअ‍ॅपवर जातं आणि 'उद्यापासून विदर्भात धो धो' होतं, आणि आर्णीच्या बाजारात येईपर्यंत 'पेरून घ्या' होतं. पाऊस नाही आला की शिव्या मॉडेलला. एकदा एका प्रशिक्षणात मी विचारलं की आपण टक्केच का पोचवत नाही, तर एक मोठे अधिकारी म्हणाले, शेतकऱ्याला टक्के कळत नाहीत, त्याला हो की नाही ते सांगा. मी तिथे जे बोलले ते इथेही बोलते, की हे साफ चूक आहे आणि यात शेतकऱ्याचा अपमान आहे.

कोरडवाहू शेती करणारा माणूस टक्क्यांवरच जगतो. सोयाबीनमध्ये तुरीचे तास, म्हणजे ओळी, का टाकतात, एक गेलं तर दुसरं हाती लागावं म्हणून. चढाचं वावर आधी पेरायचं की बसकं, घरचं बियाणं कुठे टाकायचं आणि बॅगचं कुठे, मृगात किती आणि आर्द्रात किती, हा सगळा हिशेब शक्यतेचाच आहे, फक्त तो आकड्यात बोलला जात नाही. अक्षय्य तृतीयेला बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला घटमांडणी होते, तिचं भाकीत ऐकायला लांबून लोक जातात, मी त्यांना कधी नावं ठेवली नाहीत, तिथे निदान त्यांच्या पिकाचं नाव घेऊन कोणीतरी बोलतं.

आणि हो-नाही सांगण्यात एक खोल अन्याय आहे, तो जरा सविस्तर सांगते. आमच्या काळ्या जमिनीत ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन चांगली ओल गेल्याशिवाय पेरू नका असं कृषी खातं सांगतं, योग्यच आहे. पण पुढे खंड पडेल का, ही शक्यता प्रत्येकाच्या घरी वेगळी मोजली जाते. दुबार पेरणीची वेळ आली तर बियाणं, खत, ट्रॅक्टरचं भाडं गेलं. थांबलं तर उशीर झाला, उतारा घटला, मूग-उडीद तर मग विसरायचेच. समजा पेरणी फसली तर जाणारा पैसा वेळेवर पेरल्याने होणाऱ्या फायद्याच्या दुप्पट आहे, तर पाऊस टिकण्याची शक्यता ६७ टक्क्यांच्या वर असल्याशिवाय त्या माणसाने पेरू नये. दुसऱ्याकडे विहीर आहे, स्प्रिंकलर आहे, खंड पडला तरी तो पीक जगवतो, त्याचं नुकसान फायद्याच्या निम्मंच, त्याने ३३ च्या वर पेरावं. तिसऱ्याने वावर ठेक्याने केलंय, बियाणं उधारीचं, त्याला ८० टक्के पण कमी वाटतील आणि ते बरोबर आहे. आता या तिघांना एकच 'हो' सांगितलं तर कोणाच्या तरी घरचा हिशेब तिघांवर लादला गेला. आणि लादणारा माणूस हवेशीर ऑफिसात बसलेला, ज्याचं एक दाणाही बियाणं जमिनीत नाही.

मी म्हणून आता फोनवर आकडाच सांगते, आणि सोबत हेही सांगते की हा आकडा आपल्या भागाचा आहे, आपल्या वावराचा नाही. दादाला पहिल्यांदा सांगितलं, पुढच्या पाच दिवसांत चांगला पाऊस, दहातले सहा. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मंग बसकं पेरतो, वरचं ठेवतो." एवढंच. कुठलं प्रशिक्षण नाही, चित्र नाही. अंगणात त्याने पर्जन्यमापक बसवलाय खांबावर, प्लास्टिकचा, रोज साडेआठला वाचतो आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत लिहितो, दुधाच्या लिटरच्या खाली पावसाचे मिलिमीटर. आणि त्याच्या शेजारी बारीक अक्षरात मी सांगितलेला आकडा. मला न सांगता तो माझी तपासणी करतोय, आणि माझ्या कामाची याहून चांगली तपासणी मला नको आहे. आता पारावरचे दोघं-तिघं त्याला 'पाणी येईन का' असं न विचारता "किती हाय?" असं विचारतात.

मागच्या जुलैत मात्र मला एक प्रश्न असा आला की त्याचं उत्तर अजून माझ्याकडे नाही. आमच्याकडे निंदायला येणाऱ्या एक काकू आहेत. झडीच्या दिवसात त्यांना भीती वाटत नाही, दिवसभर रिपरिप चालते आणि विजेचा फारसा धाक नसतो, पण उघडीप असली आणि दुपारनंतर आभाळ चढलं की बाया घाबरतात. काकू म्हणाल्या, "पाण्याचं तं मालकाले सांग. आमाले ईज कवा ते सांग." पुण्याचंच 'दामिनी' अ‍ॅप आहे, आसपास वीज पडायला लागली की कळतं, ते फार उपयोगाचं आहे आणि प्रत्येक मुकादमाच्या मोबाईलमध्ये असायला हवं. पण काकूंना सकाळी कळायला हवंय, घरून निघण्याआधी. तिथे तो वेळेचा दोष थेट माणसाच्या जिवाशी येऊन भिडतो, मॉडेलने एकला पाऊस उरकला आणि खरा ढग चारला आला तर चारला बाया वावराच्या मधोमध असतात.

ढगात वीज तयार होते ती बर्फाचे हलके कण आणि गारेसारख्या जड गोळ्या एकमेकांवर घासून, अजून न गोठलेल्या पाण्याच्या सोबतीने. त्यामुळे मॉडेलमध्ये उणे १५ अंशाच्या आसपास अशा गोळ्या किती वेगाने वर जातायत ते बघून विजेचा अंदाज करता येतो. गार हवेच्या पसाऱ्याचं काम आणि हे काम जोडून, तासातासाची शक्यता काढायची, आणि त्यात आकडा फार लहान असला तरी तो गाळायचा नाही. कारण इथे हिशेब पुन्हा बदलतो. पेरणीला दहा टक्के म्हणजे काहीच नाही, विजेला दहा टक्के म्हणजे खूप. आणि दुपारी दोनला काम थांबवायचं म्हटलं तर अर्ध्या दिवसाची मजुरी कापली जाते, ती कापायची की नाही हे मालक ठरवतो. काकूंना मी हे सगळं सांगितलं, दहा टक्क्यांचंही. त्या म्हणाल्या, "दहा असन तरी सांग, मजुरीचं आमी भांडून घेऊ."

या उन्हाळ्यात त्याचे पहिले रन लावलेत. अजून एक तासभर आधीच येतोय मॉडेलचा ढग.